बेताच्या अपेक्षा ठेवून पॉप कॉन्सर्टला जायचं कसं

पॉप कॉन्सर्टहून हिरमुसून परतलेल्यांच्या तक्रारी ऐका, त्या बहुतेक त्याच त्या असतात. आवाज रेकॉर्डिंगसारखा नव्हता. गायिका मुंगीएवढी दिसत होती. कार्यक्रम उशिरा सुरू झाला. आवडतं गाणं झालंच नाही. पुढचा माणूस पूर्ण वेळ मोबाइल वर धरून उभा होता. यातलं जवळजवळ सगळं तिकीट काढायच्या आधीच सांगता आलं असतं. प्रचंड मोठी जागा, हजारो माणसं आणि सगळा भार यंत्रणेवर, अशा कार्यक्रमाच्या मर्यादा ठरलेल्या असतात. कलाकार किती गुणी आहे याचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो.

तेव्हा काम एवढंच की कशाची अपेक्षा सोडायची आणि कशाची मुळीच सोडायची नाही, याची वाटणी आधी करून टाकायची. शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येणं, चेहरा दिसणं, वेळ पाळली जाणं, आपलं गाणं होणं, या अपेक्षा खुशाल सोडा. कान शाबूत राहणं, छाती भरून श्वास घेता येणं, पाणी मिळणं, बाहेर पडायची वाट माहीत असणं, यांत तडजोड नको. बरेच लोक नेमकं उलटं करतात. गाण्याबद्दल कमालीचे चोखंदळ आणि गर्दीबद्दल पूर्ण बेफिकीर.

अपेक्षा उतरवायच्या, पण कधी?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली क्षणाक्षणाच्या आनंदावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. छोट्या पैजांच्या खेळात माणूस एकूण किती कमावतो यापेक्षा त्याला अपेक्षेहून जास्त मिळालं की कमी, यावर त्याचा त्या घडीचा आनंद ठरत होता. यावरून ‘अपेक्षाच ठेवू नका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू मात्र मागे पडते. काहीतरी चांगलं मिळणार आहे या अपेक्षेनेसुद्धा, निकाल हाती येण्याआधीच, आनंद वाढत होता.

म्हणून तिकीट काढल्या दिवसापासून तोंड पाडून बसायचं कारण नाही. वाट पाहण्यातली मजा पुरेपूर घ्या. गाणी ऐका, मित्रांशी वाद घाला, काय घालायचं ते ठरवा. अपेक्षा उतरवायच्या त्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, आणि मोघमपणे नाही. ‘बघू कसं होतंय ते’ म्हटल्याने मनातलं चित्र जराही बदलत नाही. स्पष्ट वाक्यांत लिहून काढा: चेहरा दिसणार नाही. तासभर उशीर होईल. माझं गाणं होणार नाही. परतताना जीव मेटाकुटीला येईल. एवढं सगळं धरूनही जायचंय का? उत्तर हो असेल तर निघायचं. नाही असेल तर तिकीट दुसऱ्याला द्यायला अजून वेळ आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तिकीट आणि जागा

बेताच्या अपेक्षांचा पहिला फायदा खिशाला होतो. सगळ्यात महाग तिकीट घेतलं की त्या रकमेचं ओझं संध्याकाळभर डोक्यावर राहतं आणि प्रत्येक गाण्यागणिक पैसे वसूल झाले का, याचा हिशेब सुरू होतो. मोठ्या कार्यक्रमांचे दर मागणीप्रमाणे वरखाली होतात. विक्री उघडल्याच्या पहिल्या तासात झुंबड असते आणि त्या घाईत माणूस नको तेवढे पैसे देऊन बसतो. थोडं थांबायची तयारी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅमेरे, आवाज जुळवायचं मिक्सिंगचं टेबल, पडदे नेमके कुठे येणार हे पक्कं नसल्यामुळे आयोजक काही जागा अडवून ठेवतात. मांडणी नक्की झाली की त्यातल्या काही जागा कार्यक्रमाच्या आदल्या दिवसांत, कधी त्याच दिवशी, साध्या दरात विक्रीला येतात. मिळतीलच असं नाही, पण मिळालं नाही तरी चालेल अशा मनःस्थितीत असलेल्या माणसाला हा मार्ग उत्तम.

दुसऱ्याकडून तिकीट घेणार असाल तर ते अधिकृत पुनर्विक्रीतून किंवा ॲपमधल्या हस्तांतरणातूनच घ्या. पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. अनेक तिकिटांवरचा बारकोड थोड्या थोड्या वेळाने आपोआप बदलतो, त्यामुळे दारावर जुनं चित्र चालत नाही.

आता जागा कोणती निवडायची? आधी हा साधा हिशेब. मध्यम उंचीचा माणूस १०० मीटरवर उभा असेल तर हात पूर्ण लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीएवढा, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर दिसतो. स्टेडियममधल्या कितीतरी खुर्च्या याहून लांब असतात. म्हणजे तुम्ही तासन्‌तास बघणार आहात तो पडदा. हे एकदा मान्य केलं की जागा निवडण्याचा निकषच बदलतो. ‘कलाकार किती जवळ’ हा प्रश्न सोडायचा आणि ‘पडदा सरळ दिसतो का, आवाज नीट येतो का’ हे विचारायचं.

आवाजासाठी सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे मिक्सिंगच्या टेबलाच्या आसपास. हे टेबल साधारणपणे स्टेजच्या बरोबर समोर, पण बरंच मागे असतं. तिथे बसलेला साउंड इंजिनिअर स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावर सगळं जुळवत असतो. तुम्ही त्याच्या जवळ असलात की त्याने केलेलं काम जसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोहोचतं. याउलट अगदी पहिल्या रांगा. मुख्य स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या प्रेक्षकांकडे असतो. पुढच्यांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, पण तिथे ड्रमचा थेट आवाज आणि खालच्या सबवूफरचा, म्हणजे जाड स्वरांच्या स्पीकरचा, दणका गाणाऱ्याच्या शब्दांवर कुरघोडी करतो. पुढची रांग ही बघण्याची जागा आहे, ऐकण्याची नव्हे. ज्याला जे हवं त्याने ते घ्यावं, फक्त दोन्ही एकत्र मिळतील असं समजू नये.

गॅलरीच्या छताखाली खोलवर गेलेल्या मागच्या रांगा शक्यतो टाळा. वरून येणारा आवाज छतामुळे अडतो आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं लागतं. स्टेजच्या अगदी बाजूच्या जागा मात्र मला तरी आवडतात. पडदा तिरका दिसतो, ‘दृष्टीला अडथळा’ असं तिकिटावर छापलेलं असतं म्हणून दर कमी असतो, आणि कलाकार खरोखरच जवळ असतो. कपडे बदलायला होणारी धावपळ, वाद्यं हातात देणारी माणसं, हे सगळं तिथूनच दिसतं. नकाशात स्टेजचा आकार मात्र आधी पाहून घ्या. प्रेक्षकांत घुसणारी लांब पट्टी किंवा मध्यभागी दुसरं छोटं स्टेज असेल तर ‘मागची’ जागा तीन-चार गाण्यांपुरती पुढची होते.

जाण्याआधीचे दिवस

सगळ्यात मोठा अपेक्षाभंग ‘माझं गाणं झालं नाही’ हा असतो आणि तो टाळणं सगळ्यात सोपं आहे. मोठ्या दौऱ्यांत दिवे, पडद्यावरची दृश्यं, धूर, आतषबाजी हे सारं एका सामायिक घड्याळाला बांधलेलं असतं. सेकंदाचा हिशेब आधी बसवलेला असल्यामुळे गाण्यांची यादी रोज फारशी बदलत नाही. दौऱ्यातला पहिला कार्यक्रम झाला की यादी चाहत्यांमार्फत बाहेर येतेच. ती बघायची की नाही? माझं मत असं: पूर्ण यादी बघू नका, पण ज्याला ती ठाऊक आहे अशा कुणाला तरी एकच प्रश्न विचारा, ‘ते गाणं आहे का?’ नसेल तर ते दुःख घरीच उरकून घ्या. असेल तर कुठल्या क्रमांकावर, ते विचारू नका.

याला अपवादही असतात. टेलर स्विफ्टच्या २०२३-२४ च्या इराज टूरमध्ये तीन तासांहून लांब कार्यक्रम जवळजवळ पूर्ण बांधीव होता, तरी दर रात्री बदलणाऱ्या गाण्यांसाठी एक छोटा भाग राखलेला असे. गिटार किंवा पियानो घेऊन एकट्याने गायचा असा तुकडा बऱ्याच दौऱ्यांत असतो. काही अनपेक्षित घडायचं तर तिथेच घडतं, तेव्हा त्या वेळी पाणी आणायला जाऊ नका.

बाकीची गाणी आधी थोडी ऐकून ठेवलीत तर बरं, विशेषतः नव्या अल्बममधली. बहुतेक वेळा नवा अल्बम विकायलाच दौरा निघालेला असतो, त्यामुळे ती गाणी होतातच. मोठ्या हॉलमध्ये शब्द कळत नाहीत, पण आधी ऐकलेलं असेल तर न कळलेला शब्द मेंदू स्वतः भरून घेतो. अनोळखी गाणं त्याच जागी नुसता गोंगाट वाटतं. आवाज खराब असल्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच, मला वाटतं, इथून जन्माला येतात.

दुसऱ्यासाठी येणाऱ्यांनी

काही जण स्वतःच्या हौसेने येतच नाहीत. मुलीला एकटं कसं पाठवायचं म्हणून आई येते, बायकोचा आग्रह म्हणून नवरा येतो, चौथं तिकीट उरलं म्हणून मित्र येतो. यांची अपेक्षा मुळातच शून्य असते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा सगळ्यात जास्त मजा त्यांनाच येते. त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. सगळी गाणी ऐकायचा खटाटोप न करता सगळ्यात लोकप्रिय पाच ऐकून जावं, म्हणजे गर्दी ओरडायला लागली की का ओरडतेय ते कळतं. दुसरं, कार्यक्रम चालू असताना मत देऊ नये. ‘हिला गाता येत नाही’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबू शकतं. तिसरं, स्वतःला एक वेगळं काम लावून घ्यावं, ते पुढे सांगतो.

लहान मूल बरोबर असेल तर कानावर बसणारे जाड संरक्षक हेडफोन आणा. आवाज कमी करायला मोठी माणसं कानात घालतात ते बोळे त्यांच्या कानात टिकत नाहीत. आणि मूल कंटाळलं तर मध्येच उठून निघायचं, हे तिकीट काढतानाच स्वतःशी ठरवून टाका.

निघताना

पिशवी लहान घ्या. अनेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते आणि तिचं माप ठरलेलं असतं, ते नियम आदल्या दिवशी वाचा. कार्यक्रम उघड्यावर असेल तर छत्री बहुधा दारावरच काढून घेतात, तेव्हा रेनकोट बरा. पायात जुने, बंद बूट. नवे बूट पहिल्यांदा घालायचा दिवस हा नव्हे. तिकीट मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण दारापाशी हजारो लोक एकाच वेळी नेट शोधत असतात. त्याच कारणाने फोन लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत जाण्यापूर्वी ठरवा. ‘दारापाशी’ असं ठरवू नका, दारं खूप असतात. एखादा ठळक क्रमांक किंवा खांब ठरवा. मेसेज पुढेमागे पोहोचतो, व्हिडिओ कॉल लागत नाही.

उशीर

तिकिटावर छापलेली वेळ कशाची आहे ते पाहा: दारं उघडण्याची की कार्यक्रम सुरू होण्याची? त्यानंतर आधी गाणारा दुसरा कलाकार असतो, साधारण अर्धा-पाऊण तास. मग स्टेज बदलायला अर्धा तास. म्हणजे छापील वेळ दारं उघडण्याची असेल तर ज्याच्यासाठी आलात तो दिसायला दोन तास सहज जातात, आणि त्याला उशीर म्हणतही नाहीत. आधीच्या कलाकाराचा आवाज फिका वाटला तर त्याला दोष देऊ नका. त्याला ध्वनिचाचणीला वेळ कमी मिळतो आणि दिव्यांतला, आवाजातला मोठा वाटा मुख्य कलाकारासाठी राखलेला असतो.

शेवटाला मात्र लवचिकता फार नसते. बहुतेक जागांना रात्रीची ठरलेली मर्यादा असते. १४ जुलै २०१२ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनबरोबर बीटल्सचा पॉल मॅकार्टनी गात असताना ती वेळ उलटली आणि ध्वनियंत्रणा बंद करण्यात आली. असल्या दोघांचाही मुलाहिजा राखला गेला नाही. तेव्हा कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर तेवढा तो पुढे सरकेल असं धरू नका, कात्री लागायचीही शक्यता असते.

स्वच्छतागृहासाठी सगळ्यात वाईट वेळ म्हणजे स्टेज बदलण्याचा मधला अर्धा तास, कारण तेव्हा सगळेच उठतात. आधीच्या कलाकाराचं शेवटून दुसरं गाणं सुरू झालं की निघा.

आवाज जसा येतो तसा का येतो

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर ड्रमवर पडलेली काठी दिसल्यानंतर सुमारे पाव सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने आवाज पोहोचतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये उंच खांबांवर जादा स्पीकर लावतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला असता. तरीही पडद्यावरचे ओठ आणि कानावरचे शब्द पूर्ण जुळत नाहीत. त्याला फसवणूक समजू नका.

त्यातून वारा आवाज इकडेतिकडे वाकवतो आणि लांबवर जाताना उंच स्वर हवेत विरतात, जाड स्वर टिकतात. बंद सभागृहातही चैन नाही. बरीच मोठी सभागृहं मुळात खेळांसाठी बांधलेली असतात, भिंती कठीण असतात आणि आवाज त्यांवर आपटून परत येतो. पहिल्या दोन-तीन गाण्यांत हे फार जाणवतं. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये जुळवलेला आवाज रात्री माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये वेगळा वागतो, कारण माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषून घेतात. इंजिनिअरला ते तिथल्या तिथे पुन्हा जुळवावं लागतं. चौथ्या गाण्याआधी आवाजाबद्दल निकाल देऊ नका, एवढं पथ्य पाळलंत तरी पुष्कळ.

आणि आजची स्थिती वाईट वाटत असेल तर थोडं मागे पाहा. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स गायले तेव्हा समोर सुमारे ५५ हजार माणसं होती. आवाज पोहोचवायला होते ते स्टेजवरचे ॲम्प्लिफायर आणि घोषणांसाठी बसवलेली स्टेडियमची यंत्रणा. किंचाळ्यांपुढे प्रेक्षकांना तर नाहीच, गाणाऱ्यांनाही स्वतःचं नीट ऐकू येत नव्हतं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी दौरे कायमचे थांबवले.

‘खरंच गातेय का?’

हा प्रश्न अर्धी संध्याकाळ खातो. आजच्या बहुतेक मोठ्या पॉप कार्यक्रमांत आधी ध्वनिमुद्रित केलेले काही भाग वाजतात: कोरस, कीबोर्डचे थर, कधी मुख्य आवाजाचा एक थर. वादकांच्या कानातल्या यंत्रात ठोक्यांची टिकटिक चालू असते, म्हणजे सगळे त्या मुद्रित भागाबरोबर राहतात. सूर जागच्या जागी दुरुस्त करणारी यंत्रणाही वापरतात. त्यातलं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं, त्यालाही आता बराच काळ लोटला.

याच्या टोकाला मिली व्हॅनिली या दोघांच्या पॉप जोडीची गोष्ट आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका कार्यक्रमात त्यांचं मुद्रित गाणं अडकलं आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजू लागली. पुढे रेकॉर्डवरचा आवाजही त्या दोघांचा नसल्याचं उघड झालं आणि १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी काढून घेण्यात आलं. ती फसवणूक होती. पण तीन मिनिटं धावत नाचणाऱ्या गायिकेच्या मागे मुद्रित कोरस असणं ही वेगळी गोष्ट आहे. मूळ पट्टीपेक्षा एक-दोन सूर खाली उतरून गाणं तर दौऱ्यावरच्या गळ्यासाठी शहाणपणाचंच. लक्षात ठेवायची खूण एवढीच: आवाज कुठे फाटतो, दम लागलेला कुठे ऐकू येतो, ओळ जरा उशिरा कुठे उचलली जाते. या जागा रेकॉर्डिंगमध्ये नसतात. त्या ऐकू आल्या की आनंद माना, दोष म्हणून टिपू नका.

दुसऱ्यासाठी येणाऱ्यांनी लावून घ्यायचं म्हटलं होतं ते काम असं. एका गाण्यापुरतं मुख्य कलाकाराकडे बघायचंच नाही. फक्त ड्रम वाजवणाऱ्याचे हात बघा. पुढच्या गाण्यात फक्त दिवे. त्यानंतर एका नर्तकीला शेवटपर्यंत सोडू नका. मग पाठ वळवून प्रेक्षकांचे चेहरे. बास गिटारचा आवाज कानापेक्षा छातीत कुठे लागतो, ते एकदा डोळे मिटून पाहा. घरचे स्पीकर कितीही चांगले असोत, हे आणि हजारो गळ्यांतून एकदम उठलेली ओळ घरी मिळत नाही. अपेक्षा सोडल्या त्या या गोष्टींकडे लक्ष मोकळं राहावं म्हणून.

कान

कामाच्या जागच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या, अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास राहता येतं आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. हिशेब केला तर १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सुचवलेली कमाल सरासरी पातळीही १०० डेसिबलचीच आहे. कार्यक्रम मात्र दोन तासांचा. म्हणजे नियम पाळणाऱ्या जागीसुद्धा बोळे हवेतच.

फोमचे साधे बोळे चालतात, पण ते उंच स्वर जास्त कापतात आणि सगळं दबलेलं लागतं. संगीतासाठी मिळणारे गाळणीचे बोळे सगळे स्वर साधारण सारखेच, १५ ते २० डेसिबलने खाली आणतात. गाणं तसंच राहतं, फक्त हळू होतं. बऱ्याचदा शब्द उलट जास्त कळतात. फोमचा बोळा घालताना तो बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा काही करत नाही. आणि घालायचे ते आवाज सुरू होण्याआधी. स्पीकरच्या अगदी समोर उभे असाल तर बोळे असूनही जागा बदला.

गर्दी

उभं राहायच्या भागात असाल तर हे नीट वाचा. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात ९ तरुण आणि ५ नोव्हेंबर २०२१ ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात १० जण स्टेजसमोरच्या गर्दीत सापडून मरण पावले. अशा वेळी जीव जातो तो बहुधा तुडवलं गेल्याने नव्हे. छाती चहूबाजूंनी दाबली जाते आणि श्वास आत घेताच येत नाही, कधीकधी उभ्या उभ्याच. चौरस मीटरमागे चारपर्यंत माणसं असतील तर हलता येतं. पाचच्या पुढे सावध व्हायचं. सातच्या आसपास गर्दी एखाद्या द्रवासारखी हलते आणि त्यात एकट्या माणसाच्या ताकदीला काही अर्थ राहत नाही.

मोजायला वेळ नसतो, म्हणून खुणा बघा. हात खाली असताना ते चेहऱ्यापर्यंत सहज नेता येतात का? आपण न हलता अंग डोलतंय का? यांतल्या एकाचंही उत्तर नकोसं आलं तर गाणं कोणतंही चालू असो, बाहेर सरका. बाहेर म्हणजे सरळ मागे नव्हे. एक लाट ओसरली की दुसरी येण्याआधी तिरकं, कडेकडेने. पुढे रेटा आला तर त्याच्याविरुद्ध ढकलू नका, तोल सांभाळत त्याबरोबर जा. दोन्ही हात छातीसमोर दुमडून धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. उगाच ओरडण्यात दम घालवू नका. खाली पडलेला मोबाइल उचलायला वाकू नका, मग तो कितीही महागाचा असो. शेजारचं कुणी पडलं तर आधी त्याला उभं करा आणि आसपासच्यांना ओरडून थांबवा. पाणी मधून मधून पीत राहा, स्वच्छतागृहाच्या भीतीने टाळू नका.

आत शिरल्याबरोबर बाहेर पडायच्या दोन वाटा डोळ्यांखालून घाला. आलो ती वाट आणि आणखी एक.

मोबाइल

२०१४ मध्ये लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, त्यांना कमी आठवल्या. कॉन्सर्ट म्हणजे संग्रहालय नव्हे, पण एवढं समजायला पुरे. एक गाणं आधीच ठरवा, त्याचा अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या, मोबाइल छातीच्या उंचीवर धरा आणि मग खिशात टाका. मोठ्या आवाजात मोबाइलचा माइक फाटतोच, तेव्हा ऐकण्यासाठी तो व्हिडिओ कामाचा नसतो.

शेवट आणि परतीची वाट

कलाकार ‘गुड नाइट’ म्हणून आत जातो तेव्हा कार्यक्रम संपलेला नसतो. वन्स मोअरची गाणी बहुधा यादीत आधीच लिहिलेली असतात. हॉलचे दिवे लागले तरच संपलं असं समजा. आता निवड तुमची. गाडीच्या रांगेचा फार त्रास होणार असेल तर शेवटच्या गाण्याआधी निघा, पण ते आधी ठरवून. सगळ्यात गाजलेलं गाणं बहुतेक तिथेच ठेवलेलं असतं. राहायचं ठरवलंत तर दिवे लागल्यावर वीस-तीस मिनिटं जागेवरच बसा. दारातली रेटारेटी तेवढ्यात ओसरते आणि स्टेज उतरवायला लागलेली माणसं किती झपाट्याने काम करतात, ते फुकट पाहायला मिळतं.

त्या रात्री इतरांचे व्हिडिओ बघू नका. पहिल्या रांगेतून घेतलेलं चित्रण पाहिलं की स्वतःची जागा उगाच वाईट वाटू लागते. दुसऱ्या दिवशी कानात सूं आवाज येत असेल किंवा सगळं कापूस घातल्यासारखं ऐकू येत असेल तर हेडफोन बाजूला ठेवा आणि कानांना शांतता द्या. बहुतेक वेळा ते एक-दोन दिवसांत निवळतं. त्याहून जास्त टिकलं, किंवा एका कानाने अचानक ऐकू येणं कमी झालं, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितका उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.